सायनस धुण्याचा इतिहास आणि तुमचे चोंदलेले नाक

"डॉक्टर, मला सायनस आहे." ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येते. खरे तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात, गालांच्या हाडांत आणि पार मागे कवटीच्या तळाशी, अशा हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आपल्या चेहऱ्यात असतात. त्यांना आतून एक पातळ, ओले अस्तर असते. या अस्तराला सूज आली की त्रास सुरू होतो. नाक चोंदते, घशात कफ उतरतो, चेहरा जड वाटतो, वास येईनासा होतो. हा त्रास 12 आठवडे होऊनही गेला नाही, तर आम्ही त्याला जुनाट किंवा क्रॉनिक सायनुसायटिस म्हणतो.

असे पेशंट येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात अँटिबायोटिकच्या तीन-चार कोर्सच्या जुन्या चिठ्ठ्या असतात. यावेळी आणखी "स्ट्राँग" गोळी मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते. मी मात्र नाकात मारायचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा सल्ला देतो, आणि तोही दोन-तीन महिन्यांसाठी. मग काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते की डॉक्टरांनी आपल्याला फारसे मनावर घेतलेले नाही.

म्हणून आज औषधांच्या यादीऐवजी थोडा इतिहास सांगतो. डॉक्टरांना हा आजार नीट समजायला तीनशेहून अधिक वर्षे लागली. तो प्रवास कळला, की स्प्रे आणि मिठाचे पाणी का, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुर्लक्षित सर्दी

जुनाट सर्दी नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे 31 रोग मोजले आहेत. त्यात 'प्रतिश्याय' म्हणजे सर्दीसाठी स्वतंत्र अध्याय आहे. सर्दीकडे दुर्लक्ष झाले की ती 'दुष्ट' होते, असे सुश्रुत सांगतो. मग नाक कधी ओले तर कधी कोरडे राहते, कधी बंद होते तर कधी मोकळे, श्वासाला दुर्गंधी येते आणि वास कळत नाही. आजच्या पेशंटची तक्रार यापेक्षा फार वेगळी नसते.

हे निरीक्षण बारकाईचे होते. पण नाकाच्या मागे आणि बाजूला नेमके काय चालले आहे, हे दिसायला अजून बराच काळ जायचा होता.

पोकळी म्हणजे पुवाचा डबा

1651 मध्ये नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरने शरीररचनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात गालाच्या हाडातल्या पोकळीचे तपशीलवार वर्णन केले. त्यात एका बाईची हकिकत आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत पाणी येऊ लागले. हे भोक किती खोल आहे ते पाहावे, म्हणून तिने पिसाची काडी आत घातली. काडी जवळजवळ पूर्ण आत गेली आणि ती बाई घाबरली. काडी मेंदूपर्यंत पोहोचली, असे तिला वाटले! ती पोहोचली होती गालाच्या सायनसमध्ये.

या गोष्टीतला एक धडा आजही उपयोगी आहे. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. एकाच बाजूच्या नाकातून घाण वासाचा पू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांबरोबर दाताच्या डॉक्टरांकडेही जायला हवे. दाढ बरी झाल्याशिवाय तो सायनस बरा होत नाही.

हायमोरनंतर अडीचशे वर्षे डॉक्टरांच्या डोक्यात सायनसचे एकच चित्र होते. सायनस म्हणजे डबा. त्यात पू साठतो. डबा फोडा, रिकामा करा, धुवा. 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी आणि 1897 मध्ये पॅरिसच्या आँरी ल्यूक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जवळपास सारखेच ऑपरेशन सांगितले. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर छेद द्यायचा, हाडाला खिडकी पाडायची, आजारी अस्तर खरवडून काढायचे आणि पू खाली वाहून जावा म्हणून नाकात खालच्या बाजूला नवे भोक पाडायचे. हे 'कॉल्डवेल-ल्यूक' ऑपरेशन पुढे अनेक दशके जगभर चालले, आपल्याकडेही झाले. तुमच्या घरातल्या एखाद्या आजोबांना वरच्या ओठाजवळ बधिरपणा असेल आणि "तरुणपणी सायनसचं ऑपरेशन झालं होतं" असे ते सांगत असतील, तर बहुधा ते हेच.

त्याहून सोपा प्रकार म्हणजे सायनस धुणे. नाकातून जाड सुई गालाच्या सायनसमध्ये घालायची आणि कोमट सलाइनने पू बाहेर काढायचा. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांना हाडात सुई शिरतानाचा तो 'कट्' आवाज अजून आठवतो. धुतल्यावर दोन दिवस हलके वाटायचे. काहींना काही आठवड्यांनी पुन्हा तेच करावे लागायचे.

1915 मध्ये वॉटर्स आणि वॉल्ड्रन यांनी हनुवटी वर करून एक्स-रे काढण्याची पद्धत सांगितली आणि डबा भरलेला आहे की रिकामा, हे फिल्मवर दिसू लागले. 1940 च्या दशकात पेनिसिलिन आले. आता डबा धुण्याबरोबर त्यातले जंतू मारताही येऊ लागले. अचानक आलेल्या, ताप आणि तीव्र दुखणे असलेल्या जंतुसंसर्गात याचा फार मोठा फायदा झाला आणि असंख्य जीव वाचले. जुनाट त्रास मात्र परत परत येतच राहिला. डबा रिकामा केला, जंतूही मारले, तरी तो पुन्हा का भरतो?

उत्तर केसाहून बारीक

उत्तर सापडले सायनसच्या अस्तरात. त्यावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सतत एका लयीत हलतात आणि वरचा चिकट स्राव धूळ-जंतूंसकट पुढे ढकलत राहतात. 1930 आणि 40 च्या दशकांत अमेरिकेतल्या अँडरसन हिल्डिंग यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी माणसाच्या सायनसमधला हा प्रवाह वर्षानुवर्षे अभ्यासला.

त्यांना जे दिसले ते आश्चर्याचे होते. गालाच्या सायनसचे नैसर्गिक दार तळाशी नसते, ते वरच्या बाजूला असते. सिलिया स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवून त्या दारापर्यंत नेतात. खाली नवे भोक पाडले तरी स्राव त्याला वळसा घालून आपल्या जुन्याच दाराकडे जातो!

स्टेशनवर रेल्वेने दुसऱ्या टोकाला नवा पूल बांधावा आणि तरीही सगळी गर्दी जुन्याच जिन्याकडे वळावी, तसे हे झाले. नवा पूल रिकामा आणि जुन्या जिन्यावर चेंगराचेंगरी. डोंबिवलीकरांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही. खालचे भोक अनेकदा का कामी येत नव्हते, हे यातून कळले. शिवाय खरवडून काढलेल्या अस्तराच्या जागी नेहमी पहिल्यासारखे काम करणारे अस्तर येत नाही, हेही लक्षात आले.

म्हणजे मुख्य अडचण डब्यात नव्हती. ती दाराजवळच्या अरुंद वाटेत होती. तिथे थोडी सूज आली की दार बंद होते, स्राव तुंबतो, सिलिया दमतात आणि मग जंतूंना आयती जागा मिळते.

ही वाट बघायला डोळेही मिळाले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे 1960 च्या दशकात बारीक आणि स्वच्छ दिसणारी दुर्बीण तयार झाली. 1971 मध्ये माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला. मेसरक्लिंगर यांचे सहकारी हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी 1980 च्या दशकात दुर्बिणीचे ऑपरेशन जगभर नेले. आज 'फेस' या नावाने ओळखले जाते ते हेच. यात अस्तर शक्यतो वाचवतात आणि नैसर्गिक वाट मोकळी करतात. गालावर किंवा ओठाखाली छेद नसतो.

जंतूंपेक्षा सूज मोठी

दुर्बिणीनंतर प्रश्न संपायला हवा होता. पण वाट उत्तम मोकळी करूनही काहींचा त्रास परत आला, विशेषतः ज्यांच्या नाकात 'मांस वाढते', म्हणजे द्राक्षासारखे मऊ पॉलिप येतात त्यांचा. यातून शेवटची मोठी उलगड झाली. जुनाट सायनुसायटिस हा बहुतांश लोकांमध्ये न संपणारा जंतुसंसर्ग नसतो. तो अस्तराच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या सुजेचा आजार असतो, दम्याचा सख्खा शेजारी. जंतू बऱ्याचदा नंतर येणारे पाहुणे असतात.

युरोपातल्या तज्ज्ञांनी 2005 मध्ये पहिल्यांदा सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांची नवी आवृत्ती 2020 ची आहे. त्यातही पाया हाच आहे : सूज कमी करणारा स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे. पॉलिपच्या काही हट्टी पेशंटसाठी आता इंजेक्शनेही आहेत. डुपिलुमॅब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये यासाठी मान्यता मिळाली. ते खूप महाग आहे आणि निवडक लोकांनाच लागते.

अँटिबायोटिकने दरवेळी चार दिवस बरे का वाटते आणि त्रास परत का येतो, याचे उत्तर इथे आहे. आपण पाहुण्यांना हाकलतो, पण दार उघडेच ठेवतो.

लोट्यातले पाणी

गंमत अशी, की आधुनिक उपचारांतला अर्धा भाग आपल्याकडे आधीपासून होता. हठयोगप्रदीपिका हा साधारण पंधराव्या शतकातला ग्रंथ. त्यात नेती सांगितली आहे, पण ती सुताची : नाकातून धागा घालून तोंडातून काढायचा. घेरंडसंहितेत सूत्रनेतीबरोबरच नाकाने पाणी घेऊन तोंडातून सोडण्याची क्रिया आहे. तिला व्युत्क्रम कपालभाती म्हणतात. आज आपण करतो ती नळीच्या लोट्याची जलनेती याच परंपरेतली.

स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि एक्स-रे, दाबमापक अशी साधने वापरून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि श्री अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांच्या वर्गांमुळे नेतीचा लोटा सामान्य घरांत पोहोचला. तुमच्या सोसायटीत एखादे काका रोज सकाळी गॅलरीत मान वाकडी करून उभे असतील, तर ते काय करत आहेत हे आता तुम्हाला माहीत आहे.

पुढे याची शास्त्रीय चाचणीही झाली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायनसच्या 76 रुग्णांपैकी काहींनी सहा महिने रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतले. त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला आणि अँटिबायोटिकही कमी लागले. इंग्लंडमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 871 रुग्णांच्या अभ्यासात नाक धुण्याचा थोडा पण खरा फायदा दिसला. आपल्या लाडक्या वाफेने मात्र डोकेदुखी काहींची कमी झाली, बाकी लक्षणांत फरक पडला नाही. वाफ घ्यायला हरकत नाही, पण तोच उपचार समजू नका, आणि उकळत्या पातेल्याजवळ मुलांना येऊ देऊ नका.

नेमके कसे धुवायचे? एक लिटर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या. त्यात साधारण 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ आणि दोन चिमूट खायचा सोडा घाला. बेसिनवर वाकून, मान एका बाजूला करून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीतून पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. एका बाजूला निदान अर्धा कप पाणी वापरा. नंतर नाक हलकेच शिंकरा. केमिस्टकडे तयार पुड्या आणि बाटलीही मिळते. सूत्रनेती स्वतःच्या मनाने करू नका.

पाणी उकळणे ही औपचारिकता नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नेतीसाठी नळाचे पाणी वापरलेले दोन जण नेग्लेरिया नावाच्या अमीबाच्या मेंदूसंसर्गाने गेले. असे अत्यंत क्वचित होते, पण झाले तर वाचणे अवघड असते. केरळातही अलीकडे अमीबाच्या मेंदूसंसर्गाच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. नळाचे, टँकरचे, बोअरवेलचे, कुठलेही पाणी असो, उकळा. लोटा रोज धुऊन कोरडा करा.

आपल्या गावातली हवा

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात डोंबिवलीची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, तेही आठवत असेल. त्यात आता बांधकामांची धूळ आणि घोडबंदर रोडच्या वाहनांचा धूर मिसळला आहे. धूळ आणि रासायनिक वाफा अस्तराला चिडवतात आणि सिलियांचे काम मंदावतात. सगळा दोष हवेला देता येत नाही. पण अशा हवेत राहणाऱ्याने सिगारेट ओढणे म्हणजे आगीत तेल. संध्याकाळी घरी आल्यावर नाक धुण्याचा फायदा अशा वेळी अधिक होतो. धुळीत काम असेल तर मास्क लावा.

डोके दुखते म्हणजे सायनसच का?

प्रत्येक कपाळदुखी सायनसची नसते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्वतःला किंवा डॉक्टरांना 'सायनसची डोकेदुखी' वाटलेले 2,991 लोक तपासले. त्यातल्या 88 टक्के लोकांची डोकेदुखी प्रत्यक्षात मायग्रेनच्या प्रकारची निघाली. नाक मोकळे आहे, पू नाही, वास नीट येतो, पण डोके ठणकते आणि उजेड-आवाज नकोसा होतो, तर सायनसच्या गोळ्यांनी काही होणार नाही.

2021 चा धडा

हा इतिहास सांगताना म्युकरमायकोसिस टाळता येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले. महाराष्ट्र सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी होता. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये आणि तिथून डोळ्यात, मेंदूत शिरत होती. अनेकांचे डोळे, जबडे आणि जीव गेले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि जास्त मात्रेतली स्टिरॉइड हे तिचे मोठे मित्र होते.

म्हणून स्टिरॉइडची गोळी आणि स्टिरॉइडचा स्प्रे यातला फरक लक्षात ठेवा. स्प्रेतले औषध अगदी थोडे असते, ते मुख्यतः नाकातच काम करते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने महिनोन्महिने वापरता येते. गोळ्यांनी जादू झाल्यासारखे नाक उघडते, पण त्या जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणून घेणे धोक्याचे आहे, मधुमेह असेल तर फारच.

मग तुम्ही काय करायचे?

आधी नाक धुवा, मग दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारा. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. स्प्रेचे तोंड मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने हवे. जोरात ओढू नका. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला 12 आठवडे. चौथ्या दिवशी "गुण नाही" म्हणून सोडू नका.

नाक झटपट उघडणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यांची सवय लागते आणि नाक उलट अधिक चोंदते. दमा आहे आणि अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळीने श्वास लागतो, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तीन महिने हे नीट करूनही त्रास राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी आणि गरज असल्यास सीटी स्कॅन करा. स्कॅनमध्ये नाकाचे हाड थोडे वाकडे दिसले म्हणून लगेच ऑपरेशन लागते असे नाही. ऑपरेशन झाले तरी धुणे आणि स्प्रे बहुधा चालू ठेवावे लागतात. ऑपरेशनने वाट उघडते, अस्तराची सूज रोजच्या उपचारानेच आटोक्यात राहते.

आणि थांबायचे कधी नाही? डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, गाल बधिर होणे, नाकातून काळसर स्राव, तीव्र डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठरणे. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एकाच बाजूने वारंवार रक्त येत असेल किंवा एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल, तर त्या आठवड्यातच तज्ज्ञांना दाखवा.

बाकीच्यांसाठी चिठ्ठी साधीच आहे. स्वयंपाकघरातले मीठ, उकळलेले पाणी, एक स्प्रे आणि तीन महिन्यांचा धीर. चिठ्ठी लहान दिसली तरी तिच्यामागे बरीच मोठी वाटचाल आहे, एवढे लक्षात असू द्या.